तळमजल्यावरचं घर आणि पावसाचं पाणी: आधी नहाणी, मग उंबरठा

मुंबईत तळमजल्यावर राहणाऱ्यांना जुलैतलं एक दृश्य चांगलं ओळखीचं असतं. रस्त्यावर घोट्याइतकं पाणी, दारात अजून कोरडं, घरातली सगळी माणसं उंबरठ्याशी पोती लावण्यात गुंतलेली. आणि मागे न्हाणीघरात बुडबुड असा आवाज. जाऊन बघावं तर नहाणीच्या जाळीतून काळं पाणी वर येतंय. दाराशी केलेली सगळी मेहनत त्या चार इंची भोकापुढे फुकट जाते.

म्हणून पाणी अडवण्याआधी ते आपल्या घरात कोणत्या वाटेने येतं हे कळायला हवं. ते पावसाळ्याच्या आधी, कोरड्या दिवशी, तासाभराच्या कामात कळतं.

पाणी तुंबतं का

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हजार चौरस मीटरच्या सोसायटीच्या आवारात तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर 50,000 लिटर पाणी साचतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. फरशी आणि काँक्रीट घातलेल्या आवारात ते जिरत नाही, गटाराकडेच धावतं. मुंबईची जुनी पर्जन्य जलवाहिन्यांची व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड (बृहन्मुंबई पर्जन्य जलवाहिन्या) अहवालाने ती 50 मिलिमीटरवर न्यायला सांगितलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तो दिवस वेगळाच म्हणून बाजूला ठेवला, तरी तासाला 50 च्या वरची सर मुंबईला नवी नाही.

दुसरं कारण समुद्र. शहरातलं पावसाचं पाणी 186 पातमुखांमधून, म्हणजे गटारांच्या शेवटच्या तोंडांमधून, समुद्रात आणि खाड्यांत जातं, आणि त्यांतली बहुतेक सगळी भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. समुद्र चढला की गटाराचं तोंड पाण्याखाली जातं आणि आतलं पाणी जागच्या जागी थांबतं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, इर्ला, ब्रिटानिया अशी पंपिंग स्टेशनं त्यासाठीच आहेत, पण पंपांनाही मर्यादा असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले, तर हिंदमाता, सायन, कुर्ला यांसारख्या बशीसारख्या भागांत पाणी चढणारच.

भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते, आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी असते. त्यामुळे पावसाळ्यात भरतीचं वेळापत्रक फ्रिजच्या दारावर लावून ठेवलेलं बरं. भरती दुपारी दोनची असेल आणि अकरापासून पाऊस कोसळत असेल, तर संध्याकाळपर्यंत पाणी हटेल अशी आशा धरू नका. सामान उचलायला लागा.

(पुण्यात नदीकाठी, चिपळूणला किंवा कोल्हापुरात जे होतं तो नदीचा पूर. तिथे पाणी काही तासांत पुरुषभर चढतं, उंबरठ्याची पोती त्यापुढे टिकत नाहीत. घर सोडणं हाच उपाय. पुढचं सगळं तुंबलेल्या पाण्याबद्दल आहे, जे गुडघ्याच्या आसपास थांबतं.)

पाणसळीने घर मोजा

गवंडी फरशीची पातळी बघायला पारदर्शक नळी वापरतो ती पाणसळ. हार्डवेअरच्या दुकानातून 8 ते 10 मिलिमीटर जाडीची पंधरा-वीस मीटर नळी आणा आणि पाण्याने भरा. आत एकही बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर माप चुकतं. एक टोक न्हाणीघरात जाळीजवळ, दुसरं रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणाशी धरा. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहील. तिथून खाली जाळीपर्यंत आणि झाकणापर्यंत किती सेंटिमीटर भरतात ते टेपने मोजा.

समजा जाळी झाकणापेक्षा 20 सेंटिमीटर खाली निघाली. याचा अर्थ असा की रस्त्यावरची वाहिनी झाकणापर्यंत तुडुंब भरली की तुमच्या न्हाणीघरात 20 सेंटिमीटर पाणी उभं राहू शकतं, दार कितीही बंद असलं तरी. जोडलेल्या भांड्यांत पाणी एकाच पातळीला येतं, इतका हा सोपा हिशेब आहे. मुंबईत मलवाहिनी आणि पावसाचं गटार कागदावर वेगळं असलं, तरी रस्ता पाण्याखाली गेला की मॅनहोलच्या झाकणांमधून पावसाचं पाणी मलवाहिनीत उतरतं आणि तीही भरते.

बऱ्याच जुन्या इमारतींमध्ये हा फरक मुळात नव्हता, नंतर तयार झाला. रस्ता दर वेळी आधीचा थर न खरवडता वर चढवत नेला, आणि जोतं होतं तिथेच राहिलं. पूर्वी दोन पायऱ्या चढून घरात जायचं, आता एक पायरी उतरून, अशी घरं दादर-परळ भागात दाखवता येतील. रस्त्याचं काम सुरू व्हायच्या आधी सोसायटीने वॉर्ड ऑफिसला पातळीचं माप लेखी दिलं तर काही उपयोग होतो. डांबर पडल्यावर बोलून काही होत नाही.

खालून येणारं पाणी

जाळीखालच्या नहाणी ट्रॅपमध्ये जे पाणी साचून राहतं, त्याचा थर साधारण 50 मिलिमीटरचा असतो. तो वास आणि झुरळं अडवतो. उलट येणारं पाणी अडवायचं काम त्याचं नाही. ते ट्रॅपला जुमानत नाही.

पाणी सगळ्यात आधी नहाणीतून येतं, कारण घरातलं सर्वांत खालचं भोक तेच. न्हाणीघर हॉलपेक्षा इंचभर खाली असतं, म्हणजे तिथे आधी कळतं. वॉशिंग मशीनचा पाइप जिथे जमिनीत जातो ती फटही त्याच पातळीची. कमोडचा कठडा फरशीपासून 40 सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणून कमोड उशिरा वाहतो. भारतीय पद्धतीचं संडासाचं भांडं मात्र नहाणीच्या बरोबरीने.

तात्पुरता आणि स्वस्त उपाय म्हणजे रबरी टेस्ट प्लग. दोन चकत्यांच्या मध्ये रबर असतं, वरचा पाकळीचा नट आवळला की रबर फुगून पाइपला घट्ट बसतं. नवीन लाइन तपासायला प्लंबर हाच वापरतात. जाळी काढून आतल्या पाइपचा आतला व्यास मोजा आणि त्या मापाचा घ्या. 75 आणि 110 मिलिमीटरच्या पाइपचे सहज मिळतात. बसवण्याआधी पाइपच्या आतला साबणाचा चिकट थर घासून काढा, नाहीतर प्लग दाबाने वर सरकतो. नटाला लाल चिंधी बांधून ठेवा. पाणी ओसरल्यावर प्लग काढायचा राहिला आणि कुणी आंघोळीला गेलं, तर न्हाणीघर स्वतःच्याच पाण्याने भरतं. हे विनोदी वाटलं तरी नेहमी होतं.

प्लग नसेल तर लोक जाळीवर वीट ठेवतात. ती का टिकत नाही ते पाहा. बाहेर पाणी फरशीच्या वर 30 सेंटिमीटर असेल, तर 10 सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून वर येणारा जोर साधारण अडीच किलोचा. वीट त्याहून जड असते, मग? पण पाणी भोकापुरतं थांबत नाही, विटेच्या खरबरीत तळाखाली पसरतं आणि कडेने बाहेर पडतं. म्हणून आधी मोटारीच्या जुन्या ट्यूबचा फूटभर रुंद सपाट तुकडा, त्यावर प्लायवूडचा तुकडा आणि त्यावर भरलेली 20 लिटरची बादली. ट्यूबखाली पाणी पसरलंच तर जोर पंचवीस-सत्तावीस किलोपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे बादलीवर अजून एखादं वजन लागेल. कमोडमध्ये दुहेरी जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाच-सहा किलो वाळू भरून, तोंड दोरीने बांधून ठेवा आणि दोरीचं टोक बाहेर राहू द्या. पिशवी वाकात अडकली की भांडं उपटावं लागतं.

कायमचा उपाय म्हणजे सांडपाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, प्लंबरच्या भाषेत एनआरव्ही. आत एक झडप असते: घरातलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं, बाहेरचं उलट आलं की ती बंद होते. हा बसवताना एक चूक हमखास होते. इमारतीच्या शेवटच्या चेंबरमध्ये, महापालिकेच्या लाइनला जोडण्याआधी एकच मोठा व्हॉल्व्ह घालतात आणि निश्चिंत होतात. पण झडप बंद झाल्यावर वरच्या चार मजल्यांचं पाणी जाणार कुठे? त्यांच्या आंघोळी, त्यांची वॉशिंग मशीन चालूच असतात. ते पाणी सर्वांत खालच्या भोकातून वर येतं, म्हणजे तळमजल्याच्या नहाणीतून. बाहेरचा पूर अडला, घरचा पूर आला. म्हणून तळमजल्याची लाइन वरच्या मजल्यांच्या उभ्या पाइपपासून वेगळी काढायची आणि व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर बसवायचा. वरच्यांचा पाइप त्याच्या पुढच्या चेंबरला जोडायचा. यासाठी सोसायटीची परवानगी लागते, लायसन्सवाला प्लंबर लागतो आणि आवारातली फरशी थोडी फोडावी लागते.

व्हॉल्व्ह उघडता येईल असं झाकण ठेवूनच बसवा. केस, प्लास्टिक, सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स झडपेत अडकतात आणि ती अर्धवट उघडी राहते. मग व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. मे महिन्याच्या शेवटी एकदा आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा साफ करावा. पाऊस कोसळत असताना झडप बंद असेल हे धरून तळमजल्यावरच्यांनी कपडे धुणं, आंघोळ थांबवावी.

दारातून येणारं पाणी

उंबरठा उंच करणं हा सगळ्यात साधा उपाय. ग्रॅनाइट किंवा कडप्प्याचा सहा-आठ इंची उंबरठा, खाली सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंग कंपाउंड घालून. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो अडखळवतो, म्हणून दोन्ही बाजूंना उतार द्या.

त्याहून जास्त पाणी येत असेल तर काढता-घालता येणारी फळी. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत अॅल्युमिनियमचे यू चॅनेल, त्यात 18 मिलिमीटरची मरीन प्लायची फळी, तळाला आणि कडांना रबराची गॅस्केट, आणि दाबायला बोल्ट. फळी आणि चॅनेल यांच्यामध्ये नुसता स्पंज घालू नका, तो पाणी पितो. बोल्ट पावसाळ्याआधी ग्रीस लावून एकदा फिरवून पाहा. गंजलेला बोल्ट भर पावसात हलत नाही.

पोती वापरायची तर वाळूची. माती ओली झाली की चिखल होऊन वाहते. पोतं काठोकाठ भरू नका, निम्म्याहून थोडं जास्त भरा म्हणजे ते पसरून फटी बुजवतं. वीटकामासारखी सांधे चुकवून रचा. तीन फुटांच्या दाराला दीड फूट उंचीसाठी साधारण 12 ते 15 पोती लागतात. पोत्यांनी पाणी थांबत नाही, त्यांच्यावर घातलेल्या प्लास्टिकने थांबतं, आणि हेच बहुतेक जण विसरतात. जाड प्लास्टिकचा कागद पाण्याच्या बाजूला फरशीवर दोन फूट पसरून, तिथून पोत्यांच्या वर घेऊन मागे दाबायचा.

आणि किती पाणी अडवायचं यालाही मर्यादा आहे. तीन फुटी दारावर 30 सेंटिमीटर पाण्याचा जोर साधारण 40 किलो असतो. 60 सेंटिमीटरला तो 160 किलोवर जातो. पाणी दुप्पट, जोर चौपट. कडी-कोयंड्याला आणि साडेचार इंची विटेच्या भिंतीला हा भार झेपेलच असं नाही. म्हणून दोन फुटांच्या वर पाणी चढायला लागलं की हट्ट सोडा. माणसं वरच्या मजल्यावर न्या आणि पाणी आत येऊ द्या. आत-बाहेर सारखं पाणी असलं की भिंतीवरचा ताण जातो.

वीज आणि गॅस

पाणी उंबरठ्याशी आलं की मेन स्विच बंद. आत आल्यावर नाही, आधी. पाण्यात उभं राहून मेनला हात लावू नका. पाणी बोर्डापर्यंत गेलं असेल तर वीज कंपनीला फोन करून बाहेरूनच बंद करायला सांगा.

घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही घरातल्या प्लगना 230 व्होल्ट मिळतच राहतात. इन्व्हर्टर आणि बॅटरी बहुधा जमिनीवर, जिन्याखाली किंवा दाराच्या मागे असतात, म्हणजे पाणी आधी तिथेच. मेनच्या आधी इन्व्हर्टर बंद करायचा, आणि त्याला कायमची जागा चार फुटांवर द्यायची. तसंच खालचे प्लग पॉइंट वर घ्या आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा; करंट अंगातून किंवा पाण्यातून जमिनीत गळू लागला की तो वीज तोडतो. साधा एमसीबी जास्त करंट गेला की पडतो. अंगातून जाणारा करंट त्याला समजत नाही.

गॅस सिलिंडर पाण्यात तरंगतो, भरलेलासुद्धा. 14.2 किलो गॅसचा सिलिंडर रिकाम्या वजनासकट तीस किलोच्या आसपास भरतो, पण तो बाजूला सारतो ते पाणी त्याहून जास्त असतं. तरंगला की आडवा होतो आणि नळी ओढली जाते. रेग्युलेटर बंद करून काढा, सिलिंडरला टोपी लावा आणि खिडकीच्या गजाला बांधा. फ्रिजही तरंगतो आणि पडतो, तोही बांधा.

रस्त्यावर साचलेलं पाणी लवकर जावं म्हणून मॅनहोलचं झाकण स्वतः कधीही उघडू नका. तुंबलेल्या पाण्यात उघडं मॅनहोल दिसत नाही, आणि मुंबईत यात माणसं गेली आहेत. महापालिकेच्या 1916 या नंबरवर फोन करा.

पाणी ओसरल्यावर

पाणी आधी काढायचं, पण बाहेरची पातळी खाली गेल्यावरच. नाहीतर काढलेलं तेवढंच परत येतं. दहा बाय दहाच्या खोलीत अर्धा फूट पाणी म्हणजे सुमारे चौदाशे लिटर, 15 लिटरच्या नव्वदेक बादल्या. चार-पाच कुटुंबांनी मिळून अर्ध्या एचपीचा सबमर्सिबल पंप घेऊन ठेवलेला परवडतो. तो वरच्या मजल्यावरच्या, आरसीसीबी असलेल्या प्लगवरून चालवा.

गाळ ओला असतानाच काढा, वाळला की फरशीला चिकटून बसतो. हातमोजे आणि गमबूट घाला. उंदरांच्या लघवीतून पाण्यात येणारे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू पायाच्या भेगांतून, जखमांतून शिरतात. तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. डॉक्सिसायक्लिन किती आणि किती दिवस, हे जखम आहे की नाही यावर ते ठरवतात. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ते चालत नाही, वेगळं औषध असतं.

साबणाच्या पाण्याने धुतल्यावर ब्लीचिंग पावडर. 10 लिटरच्या बादलीत ताजी पावडर 40 ग्रॅम, साधारण चार मोठे चमचे. गाळावर तशीच टाकली तर ती गाळातच संपते. दहा मिनिटं ठेवून धुवा, खिडक्या उघड्या ठेवा. ब्लीचिंग आणि संडास धुवायचं अॅसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

सोसायटीची जमिनीखालची टाकी पाण्याखाली गेली असेल तर तिचा पंप लगेच बंद करा, नाहीतर घाण पाणी वरच्या टाकीत चढून सगळ्या घरांत पोहोचतं. टाकी रिकामी करून घासा, भरा, 10,000 लिटरला दीड किलो ब्लीचिंग पावडर विरघळवून घाला, 24 तास ठेवा आणि ते पाणी सोडून द्या. तोवर प्यायचं पाणी उकळूनच.

ओल्या गाद्या, उशा वाचवू नका. पार्टिकल बोर्डची कपाटं फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. भिजलेली कागदपत्रं मात्र लगेच सुकवता येत नसतील तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा; बुरशी थांबते आणि सवडीने वाळवता येतात. विमा असेल तर काहीही टाकण्याआधी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ टेप लावून दिसेल असा. एप्रिल 2021 पासून मिळणाऱ्या भारत गृह रक्षा पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलं आहे.

उपकरणं आठवडाभर सुकली तरी इलेक्ट्रिशियनने मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने) वायरिंग तपासल्याशिवाय चालू करू नका. आणि रंगाची घाई तर मुळीच नको. वरून कोरडी दिसणारी भिंत आतून दोन-तीन महिने ओली राहते. त्यावर रंग दिला की दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात, लोणा धरतो. फूटभर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर 24 तास ठेवा. आतल्या बाजूला दव जमलं तर अजून थांबा, आणि आठवड्याने पुन्हा लावून बघा.